२२ मुलं, छोटा हॉल, फरशीचं अंगण: बालवाडीत सगळ्यांना एकत्र कसं खेळवायचं?

विडीघरकुल_बालवाडी

नमस्कार. आमच्या सोलापुरातल्या बालवाडीत २२ मुलं आहेत: ३ वर्षांची ७, ४ वर्षांची ९ आणि ५ ते साडेपाच वर्षांची ६. हॉल १२ बाय १८ फुटांचा. बाहेर २० बाय २५ फुटांचं अंगण आहे, सगळं शहाबादी फरशीचं. एका कोपऱ्यात कडुनिंब आणि त्याच्या बुडाशी थोडी मोकळी माती. मोठी माणसं दोनच, मी आणि मदतनीस मावशी. सामूहिक खेळांसाठी रोज पाऊण तास ठेवला आहे.

सध्या संगीत खुर्ची, मामाचं पत्र आणि रुमाल पळवी हेच आलटून पालटून चालतं. सुरुवातीला बाद झालेली मुलं रडतात, नाहीतर दप्तरं उपसत बसतात. पाच वर्षांची मुलं धावतात तेव्हा तीन वर्षांची खाली पडतात. त्यात निम्म्या मुलांची घरची भाषा तेलुगू, काहींची कन्नड, काहींची उर्दू. नियम सांगून होईपर्यंत अर्धी मुलं उठून गेलेली असतात.

सगळी मुलं एकाच वेळी गुंततील असे खेळ हवे आहेत. कृती, सामान आणि कुठे काय बिघडू शकतं ते नीट सांगाल का? सामानाला हजार रुपयांच्या वर खर्च करता येणार नाही.

अंगणातले_खेळ

ताई, तुमचे खेळ चांगलेच आहेत, पण २२ मुलांना ते पेलत नाहीत. मामाच्या पत्राचा हिशोब करून बघा. एका डावाला ४० सेकंद धरले तर २२ डावांना जवळपास १५ मिनिटं लागतात. त्यातलं एक मूल फार तर दोनदा उठतं आणि दोन्ही वेळा मिळून २०-२५ सेकंद पळतं. उरलेला सगळा वेळ त्याने मांडी घालून बसायचं. तीन वर्षांच्या मुलाला ते जमत नाही, मग ते शेजारच्याचे केस ओढतं, आणि आपण म्हणतो मूल खोडकर आहे. म्हणून कुठलाही खेळ निवडताना एकच बघा: यात एका मुलाला सलग किती वेळ वाट बघावी लागते? तीन वर्षांच्यांना अर्धा मिनिट आणि पाच वर्षांच्यांना दीड मिनिट, याच्या पुढे गेलं की तो खेळ बदला किंवा गट लहान करा.

पहिलं काम म्हणजे ११-११ चे दोन गट. हॉल २१६ चौरस फूट, म्हणजे २२ मुलांत प्रत्येकाला १० चौरस फूटसुद्धा येत नाही. इतक्या जागेत ढकलाढकली होणारच, तिथे शिस्तीचा प्रश्नच नाही. एक गट आत बैठ्या खेळाला, एक बाहेर पळायला, आणि २० मिनिटांनी अदलाबदल. गट वयाने पाडायचे की मिसळून, ते खेळावर ठरवा. पळायचं असेल तर वयाने, हातात काही धरून करायचं असेल तर मिसळून.

आता संगीत खुर्ची. खुर्च्या आत ठेवून द्या. अंगणात खडूने दोन ते अडीच फूट व्यासाचे ११ गोल काढा, दोन गोलांमध्ये निदान दोन फूट अंतर. मध्यभागी एक पालथी बादली. ताल सुरू असताना सगळ्यांनी बादलीभोवती एकाच दिशेने चालायचं आणि ताल थांबला की जवळच्या गोलात शिरायचं. दर फेरीला ओल्या फडक्याने एक गोल पुसा. मूल कोणतंच काढायचं नाही, उरलेल्या गोलांत सगळ्यांनी मावायचं. एका गोलात तीन मुलं नीट उभी राहतात, म्हणून ११ मुलांना चार गोल उरले की थांबा. त्याखाली गेलात की मुलं एकमेकांवर कोसळतात. गोलांऐवजी गोणपाट किंवा बस्कर अजिबात टाकू नका. शहाबादी फरशीवर ते पायाखालून सरकतं आणि मूल पाठीवर पडतं, डोकं आधी आपटतं.

तालासाठी हलगी बाहेर ठीक आहे. आत तिचा आवाज कानाला सोसत नाही, तिथे प्लॅस्टिकची बादली तळहाताने वाजवा. ताल थांबल्यावर लहान मुलांना थांबायला दोन-तीन सेकंद लागतात. ते मुद्दाम करत नाहीत, अंगच लगेच आवरत नाही. म्हणून ताल थांबवताना आधी हळू करा, मग थांबवा. आठवडाभराने एकदम थांबवलात तरी जमायला लागेल. याच तालावर हत्तीची चाल (संथ, जड ठोके), उंदराची चाल (बोटांनी भरभर) आणि बगळा (एक ठोका, एका पायावर उभं) असे बदल करता येतात. तीन वर्षांचं मूल एका पायावर सेकंद-दोन सेकंद टिकतं, चार वर्षांचं चार-पाच सेकंद. सगळ्यांकडून दहाची अपेक्षा धरू नका.

मामाचं पत्र ठेवायचं असेल तर पाच-सहा मुलांचं एक रिंगण करा. तीन वर्षांच्यांना कोणत्या बाजूने पळायचं तेच कळत नाही, समोरासमोर येऊन टक्कर होते. रिंगणाबाहेर खडूने दोन बाण काढून ठेवा. त्या वयाला पळापळीऐवजी चालत जाऊन रुमाल ठेवणं आणि ज्याच्या मागे ठेवला त्याने उठून पुढच्याला देणं, एवढंही पुरतं.

तळ्यात-मळ्यातही चांगला, फक्त चुकलेल्याला बाद करू नका. रेघ मातीत काढा. फरशीवर दोन्ही पायांनी उड्या मारल्या की टाचा आणि गुडघे दुखतात. एका वेळी १०-१२ उड्या झाल्या की विसावा. रेघेला चुना नको, हात डोळ्याला गेला की जळजळतं. फरशीवर रांगोळी नको, ती पायाखाली घसरते. फरशीवर खडू, मातीत काठी, एवढंच सामान.

कापडपेठ

सामानाचा खर्च जवळपास शून्यावर येईल, सोलापुरात राहून कापडाला पैसे कशाला घालायचे!

आधी साडीचा मंडप. एक जुनी पाचवारी साडी घ्या, साडेपाच मीटरची. मधोमध कापा, दोन्ही तुकडे लांबीच्या कडेने एकमेकांना जोडून दुहेरी शिलाई मारा. साधारण पावणेतीन बाय सव्वादोन मीटरचं कापड तयार होतं. कडेचा घेर १० मीटर भरतो, म्हणजे ११ मुलांना प्रत्येकी दोन हात जागा मिळते. कडेला दर ८०-८५ सेंटिमीटरवर रंगीत चिंधीची एक मूठ शिवून घ्या, १२ मुठी होतील. मुठी नसल्या की सगळी मुलं एका कोपऱ्यात गोळा होतात आणि कापड लोंबतं. साडी निवडताना उजेडासमोर धरून बघा. वीण विरळ असेल तर हवा धरत नाही आणि कापड फुगत नाही. घट्ट विणीची, हलकी साडी हवी.

खेळवायचा क्रम असा. आधी सगळी खाली बसून नुसत्या लाटा करतील, लहान, मग मोठ्या. मग उभं राहून तीन मोजले की हात वर, कापड फुगून मंडप होतो, मग हळूच खाली. हे चार-पाचदा जमलं की वर चिंध्यांचे पाच-सहा गोळे टाका आणि ज्वारीच्या लाह्या फोडा. गोळे बाहेर पडले की मावशी परत टाकतील, मुलांना पळायला सोडू नका, नाहीतर कापड सुटतं. शेवटी मंडप वर असताना दोन मुलांची नावं घ्यायची, त्यांनी खालून चालत पलीकडे जाऊन जागा बदलायची. दोनच. चार सोडली की मधे डोकी आपटतात.

बिघडतं ते दोन कारणांनी. मोठी मुलं सगळी एका बाजूला आली की ती ओढतात आणि समोरची चिमुरडी तोंडावर येतात, म्हणून एक मोठं, एक लहान असं आळीपाळीने उभं करा. दुसरं, मुलं कापड मनगटाला गुंडाळतात. ते पहिल्याच दिवशी बंद करायचं. मूठ उघडली की कापड सुटलं पाहिजे.

यासाठी आपली सोलापुरी चादर घेऊ नका. ती जड असते, मिनिटभरात हात खाली येतात. चादरीचा खेळ वेगळा: "चादरीखाली कोण?" सगळ्यांनी डोळे झाकायचे, बाईंनी एकाला चादरीखाली बसवायचं, मग उरलेल्यांनी कोण नाही ते ओळखायचं. लहान मुलं बोटांच्या फटीतून बघतात, बघू द्या. अर्ध्या मिनिटात चादर काढा. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाच्या फक्त पायांवर टाका, पावलांवरून ओळखण्यात आणखी मजा येते.

दुसरं म्हणजे सुताचे रिकामे कोन. यंत्रमागाच्या कारखान्यात कागदी कोन ढिगाने पडलेले असतात, साधारण १७ सेंटिमीटर उंचीचे. २५ तरी मागून आणा. तेलकट डाग आणि सुताची लव असते, ओल्या फडक्याने पुसून दिवसभर उन्हात ठेवा. टोक फाटलेलं असेल तर कागदी चिकटपट्टी लावा. प्लॅस्टिकचे कोन तडकले की कड धारदार होते, ते सरळ टाकून द्या.

कोनांचा सगळ्यात चांगला खेळ "उभा-आडवा". ११ मुलांना २२ कोन, अंगणभर दोन-दोन फुटांवर, निम्मे उभे, निम्मे आडवे. अर्ध्या मुलांनी आडवे कोन उभे करायचे, अर्ध्यांनी उभे कोन आडवे करायचे. दोन मिनिटं. सगळी एकाच वेळी हलतात, कोणी वाट बघत नाही, आणि शेवटी कोण जिंकलं ते मोजायची गरजही पडत नाही. दोनच नियम: हातानेच पाडायचा, लाथ नाही, आणि एका कोनाशी एकच मूल. कोन मुलांपेक्षा कमी झाले की दोघं एकाच कोनावर वाकतात आणि कपाळं आपटतात. चार वर्षांच्या पुढेच खेळवा. तीन वर्षांच्या मुलाला आपण उभा केलेला कोन दुसरा पाडतो याचं खरंखुरं वाईट वाटतं.

कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या दुकानदार फेकून देतात. त्या पायरीवर तिरप्या टेकवून चिंध्यांचे गोळे सोडता येतात, चार-पाच मुलं तासभर गुंततात. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत मुलांना नंदीध्वज (यात्रेतल्या उंच, सजवलेल्या काठ्या) करायचेच असतात, तेव्हा याच नळ्या अडीच फुटांच्या कापून रंगीत कागद लावा. मिरवणूक मात्र तालावर, चालत आणि नळी छातीशी उभी धरून. आडवी झाली की तिची तलवार होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा पानं, बिया, शिंपले हेच त्यांचं साहित्य होतं. त्यांच्याजवळ समुद्र होता, आपल्याजवळ माग आहेत.

तीन_भाषांचं_अंगण

भाषेबद्दल थोडं. नियम तोंडी सांगूच नका. तुम्ही आणि मावशी मिळून एक डाव खेळून दाखवा, दुसरा डाव दोन मोठ्या मुलांना घेऊन, तिसऱ्याला सगळे. एवढ्यात कळतं. एका खेळाला एकच नियम. दुसरा नियम पुढच्या दिवशी.

"थांब" या शब्दाला एक खूण पक्की करा: लाल फडकं वर. सोबत शब्द चारही भाषांत म्हणा: थांब, आगु, निल्लु, ठैरो. मुलांना हे एवढं आवडतं की तोच एक खेळ होतो. ऐकायला कमी येणारं मूल असेल तर फडक्याने त्याचीही सोय होते, वेगळं काही करावं लागत नाही.

मंडप वर नेताना एक दिवस एक-दोन-तीन, एक दिवस ओकटी-रेंडू-मूडू, एक दिवस ओंदू-एरडू-मूरू असं मोजा. घरी तेलुगू बोलणारं मूल एरवी गप्प बसतं, त्या दिवशी तेच पुढारी होतं. "चिमणी भुर्र" खेळताना हत्ती, एनुगु, आने असं एकाच प्राण्याचं नाव आळीपाळीने घ्या. "पिल्ली" म्हटलं की मराठी मुलं पिल्लू समजतात, तेलुगूत ते मांजर. असे घोटाळे होऊ द्या, मुलंच एकमेकांना सांगतात. उच्चार एखाद्या आजीकडून पक्के करून घ्या, पुस्तकातली तेलुगू आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू यांत फरक आहे.

पहिलीची_तयारी

वरच्या सगळ्याशी सहमत, पण एका बाबतीत नाही. कोणी बादच व्हायचं नाही हे तीन-चार वर्षांपर्यंत ठीक. साडेपाच वर्षांचं मूल पुढच्या वर्षी पहिलीत जाणार, त्याला हरणं थोडं तरी माहीत हवं. त्या सहा मुलांना आठवड्यातून दोनदा हार-जीत असलेला खेळ द्यावा.

अंगणातले_खेळ

मान्य, पण अट एकच: हरलेल्याचा खेळ संपता कामा नये. विषामृत घ्या. राज्य असलेल्याने शिवलं की विष, जागेवर गोठायचं. सवंगड्याने शिवलं की अमृत, परत पळायचं. हरल्याची चुटपुट लागते आणि वीस सेकंदांत सुटकाही होते. सहा मुलांत राज्य एकावर, दर दोन मिनिटांनी बदलायचं, नाहीतर सगळ्यात हळू पळणाऱ्यावरच राज्य अडकून राहतं आणि ते मूल रडकुंडीला येतं. लंगडीही चालेल, पण लंगडीने पकडणं या वयाला जड जातं. नुसतं सहा-आठ फूट लंगडत जाऊन कोन आणणं, येताना पाय बदलणं, एवढंच ठेवा.

रुमाल पळवी मात्र या वयात नकोच. दोन मुलं पूर्ण वेगाने एकमेकांच्या दिशेने धावतात आणि एकाच ठिकाणी वाकतात. फरशीवर तर नकोच नको.

विडीघरकुल_बालवाडी

खूप उपयोग होतोय. आणखी तीन गोष्टी विचारते. एक, मार्चपासून दहा वाजताच फरशी तापते, तेव्हा काय करावं? दोन, एक मुलगा (साडेतीन वर्षं) कशातच येत नाही, भिंतीला टेकून बघत राहतो. त्याला कसं आणायचं? तीन, आतला गट बैठ्या खेळांना कंटाळतो, हॉलमध्ये काय घ्यावं?

कडुनिंबाखाली

उन्हाचं आधी. फरशीवर उलटा तळहात ठेवा आणि सात मोजा. हात काढावासा वाटला तर मुलांना अनवाणी सोडायचं नाही. मार्च ते जून बाहेरचा गट नऊच्या आत संपवा, वेळापत्रक तेवढं पुढे घ्या. खेळ कितीही रंगात आला तरी दर १५ मिनिटांनी पाणी; तहान लागली हे लहान मुलं खेळाच्या भरात सांगत नाहीत. चेहरा लाल होऊन मूल एकदम गप्प झालं, तर लगेच सावलीत घ्या, ओल्या फडक्याने मान-काखा पुसा, घोट-घोट पाणी द्या. ग्लानी आली किंवा उलटी झाली तर वाट न बघता दवाखाना.

मे-जूनमध्ये निंबोळ्या पडतात. रोज झाडून घ्या. त्यावरून पाय घसरतो आणि पिवळी निंबोळी तीन वर्षांचं मूल हमखास तोंडात घालतं. तोंडात जाणाऱ्या वस्तूंचा एक सोपा नियम: सव्वातीन सेंटिमीटर तोंडाच्या नळीत मावेल ते काहीही लहानांच्या हाती नको. चिंचोके, शेंगदाणे, मणी, गोट्या सगळं त्यात आलं. फुगेही नकोत, फुटलेल्या फुग्याचा रबराचा तुकडा घशात चिकटला तर काढणं अवघड असतं.

उन्हाळ्यात पाण्याचे खेळ. आपल्याकडे रोज नळाला पाणी येत नाही, म्हणून बेतात: चार पसरट घमेली, प्रत्येकात चार-पाच सेंटिमीटर पाणी, एका घमेल्याशी तीनच मुलं. स्पंज, वाट्या, भोकं पाडलेला डबा, गाळणी. एका घमेल्यातून स्पंजने पाणी दुसऱ्यात न्यायचं, दोघांनी मिळून. हे मातीच्या बाजूला करा, ओली शहाबादी म्हणजे काच. खेळ संपला की ताबडतोब पाणी कडुनिंबाला घाला. घमेलं किंवा बादली भरलेली ठेवून आत जाऊ नका, लहान मूल तेवढ्या पाण्यातही बुडतं.

साबणाचे फुगे करायचे असतील तर एक वाटी भांड्यांचं लिक्विड, सहा वाट्या पाणी, एक मोठा चमचा ग्लिसरीन, रात्रभर मुरू द्या. एप्रिलच्या कोरड्या हवेत फुगा लगेच फुटतो, त्यातलं पाणी वाळतं म्हणून. ग्लिसरिनाने तो थोडा टिकतो, आणि सकाळी लवकर किंवा पावसाळी दिवसांत जास्त टिकतो. फुगे मोठ्यांनीच सोडायचे, मुलांनी टाळीने फोडायचे. हेही मातीवरच.

आता भिंतीशी उभा राहणारा मुलगा. तो खेळतोय. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९३२ मध्ये बालवाडीच्या वयातल्या मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले, त्यात दुसऱ्यांचं खेळणं बघत राहणं हा एक टप्पा आहे. शेजारी बसून आपापलं खेळणं हा त्यानंतरचा, आणि मिळून नियमाने खेळणं सगळ्यात शेवटचा. साडेतीन वर्षांच्या मुलाला हात धरून रिंगणात आणलं की तो दुसऱ्या दिवशी आणखी मागे सरकतो. त्याला खेळाला लागून असलेलं एखादं काम द्या: लाल फडकं धरणं, बाहेर पडलेला गोळा परत देणं, बादलीवर ताल धरणं. काम नको म्हणाला तर तेही चालेल. रोज रिंगण त्याच्या भिंतीपासून थोडं जवळ आखा, एवढंच करा. मात्र तो हाकेला वळून बघत नसेल, बोटाने दाखवत नसेल किंवा बोलणं फारच कमी असेल, तर पालकांशी बोलून बालरोगतज्ज्ञांना दाखवणं लांबवू नका.

हॉलमध्ये दोन गोष्टी. एक, चेंडू घरंगळवणं: पाय फाकवून गोल बसायचं, तळवे शेजारच्यांच्या तळव्यांना टेकलेले, म्हणजे भिंत तयार होते. आठ-दहा इंची हलका चेंडू, ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडे ढकलायचा. मिनिटभराने दुसरा चेंडू सोडा. फेकाफेकी नाही, या वयाची मुलं चेंडू हातांपेक्षा तोंडावरच जास्त झेलतात.

दुसरं, कणकेचा गोळा. सहा मुलांना चार वाट्या कणीक, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल आणि अंदाजे दीड वाटी पाणी, थोडं थोडं करत. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं. रंगाला हळद किंवा बिटाचा रस, तेवढं पाणी कमी. मीठ त्याला टिकवतं, घट्ट डब्यात तीन-चार दिवस राहतं; पावसाळ्यात वास बघून आधीच टाका. एवढं मीठ मुलाने खाणं चांगलं नाही, म्हणून चाटणाऱ्याला साधी कणीक वेगळी द्या. घरात ज्वारीचं पीठ जास्त असतं म्हणून ते घ्याल तर गोळा तडकतो, ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. ज्वारीच वापरायची तर भाकरीसारखी उकळत्या पाण्यात उकड काढून, आणि त्याच दिवशी संपवायची. गोळे मिळून एकाच मोठ्या पाटावर ठेवा: आज सगळ्यांनी मिळून भुईकोट किल्ला, उद्या आठवडी बाजार. एकेकाला वेगळा पाट दिला की तो सामूहिक खेळ राहत नाही.

तीन_भाषांचं_अंगण

गट बदलताना आणि शेवटी सगळ्यांना एकत्र आणायला दोरीची आगगाडी करून बघा. मुलांनी एकमेकांचे शर्ट धरले की एक पडतं आणि मागची सगळी त्याच्यावर. म्हणून आठ मीटर जाड सुती दोरी, दर दोन फुटांवर गाठ, ११ गाठी. एका गाठीला एक मूल, धरायचं एकाच हाताने, सगळ्यांनी डाव्या. पुढे आणि मागे मोठी मुलं, मधे लहान. दोरी गळ्यात किंवा कमरेला कोणी घालणार नाही, आणि खेळ संपला की ती कपाटात, कुलपात. मुलांच्या गळ्यातले काळे दोरे, लांब माळा खेळाआधी काढून ठेवलेल्या बऱ्या, पैंजणात दोरी अडकते तेही बघा.

गाडी सोलापूरहून सुटते. बाळे आलं की टाळ्या, पाकणीला बगळा होऊन एका पायावर, मोहोळला बसून उठायचं, माढ्याला अगदी हळू आवाजात शिट्टी, इतक्या हळू की कडुनिंबावरची पाखरं उडू नयेत. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबते, तिथे पाण्याचा माठ आणि पेले मांडून ठेवा.